पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगातील संप्रेरक-प्रतिरोध

पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगावर अँड्रोजन या पुरुष संप्रेरकांचा पुरवठा तोडून उपचार करतात. या उपचाराने आटोक्यात आलेला रोग, रक्तातील टेस्टोस्टेरॉन अत्यल्प असतानाही पुन्हा वाढू लागला, तर त्या अवस्थेस संप्रेरक-प्रतिरोध असे म्हणतात. इतर अवयवांत, विशेषतः हाडांत पसरलेल्या रोगात ही अवस्था बहुतेक रुग्णांना काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंतच्या काळात गाठते. या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू याच अवस्थेत होतात.

नाव

वैद्यकीय व्यवहारात या अवस्थेला 'कॅस्ट्रेशन-रेझिस्टंट प्रोस्टेट कॅन्सर' हे नाव रूढ असून त्याचे लघुरूप सीआरपीसी असे आहे. 'कॅस्ट्रेशन' या शब्दासाठी मराठीत असलेला 'खच्चीकरण' हा शब्द बैल-बोकडांच्या संदर्भातला आणि लाक्षणिक अर्थाने मानहानीचा असल्यामुळे रुग्णाशी बोलताना तो टाळणेच योग्य होय. 'वृषणउच्छेदन' हा शब्द शस्त्रक्रियेपुरता आहे, तर औषधांनी तोच परिणाम साधला असता 'संप्रेरक-अवरोध' असे म्हणता येते.

जुन्या ग्रंथांत या अवस्थेस 'संप्रेरक-निरपेक्ष' कर्करोग म्हटलेले आढळते. रक्तात संप्रेरक नसतानाही रोग वाढतो, त्याअर्थी त्याला आता संप्रेरकाची गरज उरलेली नाही, असा त्यामागील तर्क होता. हा तर्क बहुतांश रुग्णांच्या बाबतीत चुकीचा असल्याचे पुढील संशोधनातून दिसून आले. कर्कपेशी जुन्याच संदेशावर जगत राहतात, मात्र तो संदेश मिळवण्याची रीत बदलतात. नावातील या फरकावर उपचारांची दिशा अवलंबून आहे.

संप्रेरक-उपचाराची पार्श्वभूमी

शिकागो विद्यापीठातील शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह १९४१ मध्ये असे दाखवून दिले की, वृषणे काढून टाकल्यास किंवा इस्ट्रोजेन दिल्यास पसरलेला पुरःस्थ कर्करोग मागे हटतो. हाडांच्या वेदनांनी अंथरुणाला खिळलेले काही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर अल्पावधीत हिंडू-फिरू लागले. एखादा कर्करोग संप्रेरकावर पोसला जातो व ते संप्रेरक काढून घेतल्यास तो उपासमारीने खंगतो, ही कल्पना तेव्हा नवी होती. या कार्याबद्दल हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु रोग परततो, हेही त्याच काळात लक्षात आले. त्यावर उपाय म्हणून अधिवृक्क ग्रंथी काढून टाकण्याचे प्रयोग हगिन्स यांनी केले, पण त्यांचे फलित निराशाजनक होते. टेस्टोस्टेरॉनचा दुसरा उगम अधिवृक्क ग्रंथीत आहे, हा त्यांचा अंदाज मात्र बरोबर होता. त्या अंदाजाचे औषधात रूपांतर होण्यास सहा दशकांहून अधिक काळ जावा लागला.

शरीरातील टेस्टोस्टेरॉनपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग वृषणांत तयार होतो. मेंदूतील अधश्चेतक भागातून येणारा संदेश पियूषिका ग्रंथीला व पियूषिकेचा संदेश वृषणांना मिळतो. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन यांसारखी महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यावयाची इंजेक्शने ही साखळी पियूषिकेपाशी बंद पाडतात. आरंभीच्या काही दिवसांत त्यांच्यामुळे टेस्टोस्टेरॉन उलट वाढते, म्हणून तेवढ्या काळापुरत्या वेगळ्या गोळ्या द्याव्या लागतात. डेगारेलिक्स या औषधात हा दोष नाही.

पेशीत शिरलेल्या टेस्टोस्टेरॉनचे एका विकरामुळे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी रूपात परिवर्तन होते. हे रूप अँड्रोजन ग्राही नावाच्या प्रथिनाला चिकटते. कुलपात किल्ली बसावी तसा हा संयोग झाला की ग्राही पेशीच्या केंद्रकात जातो आणि वाढीसाठी लागणारी जनुके सुरू करतो. रक्ततपासणीत मोजले जाणारे पीएसए हे प्रथिनही याच ग्राहीच्या हुकमाने तयार होते. प्रतिरोध समजून घेताना हे ध्यानात ठेवावे लागते. टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर असताना पीएसए पुन्हा चढू लागला, तर त्याचा अर्थ ग्राही कुठूनतरी पुन्हा कामाला लागला आहे असा होतो. 'संप्रेरक-निरपेक्ष' या नावातील विसंगती दाखवणारा पुरावा असा रोजच्या तपासणीतच दडलेला होता.

प्रतिरोधाची कारणे

प्रतिरोध दोन मार्गांनी येतो. पहिला मार्ग निवडीचा आहे. कोट्यवधी कर्कपेशींमध्ये काही मोजक्या पेशींत उपचारापूर्वीच अनुकूल बदल झालेला असतो. भाताच्या बांधीत तणनाशक फवारल्यावर न मेलेले थोडे तण पुढे सारी बांधी व्यापते, तशा या पेशी मोकळ्या झालेल्या जागी वाढतात. दुसरा मार्ग जुळवून घेण्याचा आहे. त्यात जनुकांची रचना न बदलता कोणती जनुके चालू व कोणती बंद ठेवायची, एवढेच पेशी बदलते. हा बदल काही दिवसांतही घडू शकतो आणि उपचार थांबल्यास काही अंशी मागेही फिरतो. एकाच रुग्णाच्या शरीरात, किंबहुना एकाच गाठीत, दोन्ही मार्ग एका वेळी चालू असतात.

सर्वांत नेहमीचा बदल ग्राहीच्या संख्येत होतो. अँड्रोजन ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून पुरुषाच्या निरोगी पेशीत त्याची एकच प्रत असते. प्रतिरोधी कर्कपेशींत या जनुकाच्या अनेक प्रती झालेल्या आढळतात. फिनलंडमधील टापिओ व्हिसाकोर्पी व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उपचारानंतर परतलेल्या सुमारे ३० टक्के गाठींत हा बदल नोंदवला, त्याच रुग्णांच्या उपचारापूर्वीच्या गाठींत तो आढळला नव्हता. ग्राहींची संख्या वाढली की संप्रेरकाचा लवलेशही पुरतो. शिवाय भरपूर अँड्रोजन असताना पेशी ग्राहीचे उत्पादन स्वतःच आवरते घेते. अँड्रोजन नाहीसे झाले की हा लगाम सुटतो व ग्राही अधिक प्रमाणात बनू लागतो. म्हणजे उपचाराची पहिली प्रतिक्रियाच प्रतिरोधाच्या दिशेने टाकलेले पाऊल असते.

दुसरा बदल ग्राहीच्या आकारात होतो. उत्परिवर्तनामुळे कुलूप ढिले होते आणि भलत्या किल्ल्याही त्यात फिरू लागतात. प्रयोगशाळांत जगभर वापरल्या जाणाऱ्या एलएनकॅप या पेशीवंशात असे उत्परिवर्तन १९९० मध्ये सापडले. त्यामुळे फ्लुटामाइड हे ग्राही अडवणारे औषधच ग्राहीला चालना देते. याचा प्रत्यय रुग्णांतही येतो. न्यूयॉर्कमधील केली व शेर यांनी १९९३ मध्ये असे रुग्ण नोंदवले, की ज्यांचा पीएसए फ्लुटामाइड बंद केल्यावर खाली आला. औषध थांबवणे हाच तेथे उपचार ठरला. बायकॅलुटामाइड व एन्झालुटामाइड या नंतरच्या औषधांच्या बाबतीतही अशीच वेगवेगळी उत्परिवर्तने माहीत झाली आहेत. एका उत्परिवर्तनात तर कॉर्टिसॉल आणि प्रेडनिसोलोन यांसारखी स्टेरॉइडेही ग्राहीला चेतवतात.

तिसरा बदल अधिक चमत्कारिक आहे. जनुकावरील मजकूर प्रथिनात उतरवताना पेशी त्यातील काही भाग गाळते व अपुरा ग्राही तयार होतो. या अपुऱ्या ग्राहीला संप्रेरक चिकटण्याची जागाच नसते, तरीही तो केंद्रकात जाऊन जनुके सुरू करू शकतो. कुलूपच नसलेल्या दारासारखी ही स्थिती होय. अशा रूपांपैकी एआर-व्ही७ हे सर्वाधिक अभ्यासलेले आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एमॅन्युएल अँटोनाराकिस व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ६२ रुग्णांच्या रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी तपासल्या. एन्झालुटामाइड घेणाऱ्या ३१ पैकी १२ जणांत व ॲबिराटेरॉन घेणाऱ्या ३१ पैकी ६ जणांत एआर-व्ही७ आढळले. या १८ जणांपैकी एकाच्याही पीएसएमध्ये अपेक्षित घट झाली नाही.

चौथी वाट संप्रेरक घरीच बनवण्याची. अधिवृक्क ग्रंथीतून रक्तात येणारी दुर्बल पूर्वद्रव्ये वापरून कर्कपेशी स्वतःच टेस्टोस्टेरॉन व डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार करतात. त्यामुळे रक्ताच्या अहवालात टेस्टोस्टेरॉन नगण्य दिसते, पण गाठीच्या ऊतीत ते ग्राहीला पुरेल इतके असते. या रूपांतरातील एका विकराच्या जनुकाचे (एचएसडी३बी१) अधिक टिकाऊ विकर देणारे रूप काही पुरुषांत जन्मतःच असते. अशा पुरुषांत संप्रेरक-अवरोधाचा प्रभाव लवकर संपतो, असे निमा शरीफी यांच्या गटाच्या २०१३ पासूनच्या संशोधनातून पुढे आले.

अँड्रोजन ग्राहीला पूर्ण वळसा घालणाऱ्या वाटाही आहेत. ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही हा त्याचा नात्यातील ग्राही असून एन्झालुटामाइडच्या दडपणाखाली त्याचे प्रमाण वाढते. तो तीच जनुके अंशतः सुरू करतो, हे २०१३ मध्ये दिसून आले. पीटेन या नियंत्रक जनुकाचा ऱ्हास झाल्यास वाढीचा दुसराच संदेशमार्ग मोकळा होतो.

या सर्वांहून गंभीर म्हणजे पेशीने आपली जातच बदलणे. आरबी१ व टीपी५३ ही संरक्षक जनुके गमावलेल्या पेशी दीर्घ उपचारानंतर पुरःस्थ ग्रंथीच्या पेशींसारख्या न राहता चेतासंप्रेरकी पेशींसारख्या होतात. त्यांना अँड्रोजन ग्राहीची गरज नसते, म्हणून त्या पीएसएही फारसे बनवत नाहीत. 'संप्रेरक-निरपेक्ष' हे जुने नाव खऱ्या अर्थाने लागू पडेल ते केवळ या अल्पसंख्य प्रकाराला. या रुग्णांचा पीएसए खाली असूनही यकृतात वा अन्यत्र रोग झपाट्याने वाढतो. अहवालातील लहान आकड्यावर विसंबल्यास फसगत होते ती येथे.

या जातबदलाच्या अभ्यासात भारतातील कार्याचाही वाटा आहे. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील बुशरा अतीक यांच्या गटाने २०२० मध्ये स्पिंक१ या जनुकाविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. अँड्रोजन ग्राही हा रेस्ट नावाच्या प्रथिनासह स्पिंक१ला दाबून ठेवतो. संप्रेरक-अवरोधाने हा दाब उठतो, स्पिंक१ वाढते आणि पेशी चेतासंप्रेरकी रूपाकडे झुकते. रोग दडपणारा उपचारच त्याला दुसरी वाट कशी दाखवतो, याचे हे बोलके उदाहरण होय. अतीक यांना त्याच वर्षी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

निदान

पीएसए वाढला म्हणजे प्रतिरोध आला, असे लगेच ठरवता येत नाही. प्रथम रक्तातील टेस्टोस्टेरॉन मोजावे लागते. ते दर डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमहून कमी असेल, तरच पुढचा विचार होतो. त्याबरोबर किमान आठवड्याच्या अंतराने पीएसए सलग तीनदा वाढलेला असणे, त्यांतील दोन वाढी नीचांकाच्या निदान ५० टक्के असणे व पीएसए २ नॅनोग्रॅमच्या वर जाणे, किंवा हाडांच्या स्कॅनवर अथवा सीटी स्कॅनवर नवा रोग दिसणे, असा निकष वापरतात.

टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीची पायरी व्यवहारात वारंवार गाळली जाते. वस्तुतः इंजेक्शनाची तारीख चुकल्यास टेस्टोस्टेरॉन पुन्हा वाढते आणि त्यामागोमाग पीएसए चढतो. हा प्रतिरोध नव्हे, उपचारातील खंड आहे. तो ओळखला न गेल्यास रुग्णाला विनाकारण महागड्या औषधांकडे किंवा केमोथेरपीकडे वळवले जाते. ज्यांची वृषणे शस्त्रक्रियेने काढलेली आहेत, त्यांच्या बाबतीत ही शंका सहसा उद्भवत नाही.

उपचार

प्रतिरोध आल्यावरही मूळ संप्रेरक-अवरोध चालूच ठेवतात. 'इंजेक्शन लागू पडत नाही, मग कशाला घ्यायचे' असा रुग्णाचा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु बहुसंख्य पेशींची अँड्रोजनची भूक कायम असल्याने इंजेक्शन बंद करणे म्हणजे त्यांना पुन्हा मुबलक रसद देणे होय.

दुसऱ्या टप्प्यातील औषधे वर सांगितलेल्या कारणांवर नेमके बोट ठेवतात. लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेत विकसित झालेले ॲबिराटेरॉन वृषणे, अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द गाठ या तिन्ही ठिकाणचे अँड्रोजन-उत्पादन रोखते. हगिन्स यांना शस्त्रक्रियेने जे साधले नाही, ते या गोळीने साधले. अमेरिकेत तिला २०११ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यामुळे रक्तदाब वाढणे व पोटॅशियम घटणे हे दुष्परिणाम संभवतात, म्हणून सोबत प्रेडनिसोलोन देतात. चार्ल्स सॉयर्स व मायकेल युंग यांच्या संशोधनातून आलेले एन्झालुटामाइड (मान्यता २०१२) ग्राहीला घट्ट अडवते. या दोहोंपैकी एकाला प्रतिरोध आल्यावर दुसऱ्याचा उपयोग बहुधा अल्पकाळ होतो, कारण सुटकेच्या वाटा सामाईक आहेत. अशा वेळी केमोथेरपी सरस ठरते, हे २०१९ मध्ये कॅबाझिटॅक्सेलच्या चाचणीत दिसले. डोसेटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध २००४ पासून वापरात आहे. डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांत, विशेषतः बीआरसीए२ मध्ये दोष असणाऱ्यांना ओलापॅरिब उपयोगी पडते.

अलीकडे ही औषधे प्रतिरोधाची वाट न पाहता आरंभीच देण्याकडे कल आहे. पसरलेल्या रोगात संप्रेरक-अवरोधास सुरुवातीपासून डोसेटॅक्सेलची (२०१५) किंवा ॲबिराटेरॉनची (२०१७) जोड दिल्यास रुग्ण अधिक काळ जगतात, असे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले. पेशींची संख्या मोठी व विविधता अधिक होण्यापूर्वीच अनेक वाटा एकदम बंद कराव्यात, हा त्यामागील विचार.

ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य पीएसएमए या पेशीपृष्ठावरील प्रथिनाशी जोडून देण्याच्या उपचारास अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. हे प्रथिन पुरःस्थ कर्कपेशींवर विपुल असते आणि संप्रेरक-अवरोधात त्याचे प्रमाण आणखी वाढते. येथे पेशीचे जुळवून घेणे उपचाराच्याच पथ्यावर पडते. महाराष्ट्रात या उपचाराचा कच्चा माल जवळच उपलब्ध आहे. मुंबईच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार केले जाते.

पूर्व विदर्भ आणि गोंदिया जिल्हा

कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंद ठेवण्यात महाराष्ट्र अग्रेसर राहिला आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत १९६३ मध्ये देशातील पहिली अशी नोंदणी सुरू केली. नागपूरची नोंदणी १९८० ची आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ ची आहे. नागपूरची नोंद शहरापुरती असल्याने पूर्वेकडील धानपट्ट्यातील खेड्यांचे चित्र तीत उमटत नाही.

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३,२२,५०७ आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले, त्याला कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय संलग्न करण्यात आले. विशेष कर्करोग उपचारांसाठी रुग्णांची वाट नागपूरकडे जाते. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था आहेत. गोंदिया ते नागपूर हे लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटरचे अंतर होय. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव येथील खेड्यांतून येणाऱ्यास त्याआधीचा प्रवास वेगळा करावा लागतो. हाडांत रोग पसरलेल्या वृद्धासाठी, सोबत येणाऱ्या मुलाचा रोजगार बुडवून, दर तीन महिन्यांनी अशी फेरी करणे कठीण असते. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत तारीख पुढे ढकलली जाण्याचा धोका अधिक असतो. निदानाच्या विभागात सांगितलेला उपचारातील खंड पडतो तो अशाच ठिकाणी.

म्हणून अशा भागात वृषणउच्छेदन या जुन्या शस्त्रक्रियेचे महत्त्व कमी झालेले नाही. ती लहान असून भूल देऊन थोड्या वेळात पूर्ण होते. तिला कर्करोग रुग्णालयच लागते असे नाही, सामान्य शल्यविशारदही ती करतात. टेस्टोस्टेरॉन काही तासांतच खाली येते व खर्च एकदाच होतो. तिचा परिणाम इंजेक्शनांच्या तोडीचा असून भारतात ती अजूनही मोठ्या प्रमाणावर केली जाते. मानसिक आघात व परत न फिरता येणे या तिच्या मर्यादा आहेत. त्या रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट सांगणे आवश्यक असते, आणि निर्णय कुटुंबाने परस्पर न घेता रुग्णानेच घ्यायचा असतो.

दुसऱ्या टप्प्यातील औषधांचा प्रश्न मुख्यतः पैशांचा आहे. ॲबिराटेरॉन व एन्झालुटामाइड यांची भारतीय कंपन्यांनी बनवलेली जेनेरिक रूपे मूळ औषधांहून पुष्कळ स्वस्त मिळतात, तथापि ती महिनोन्महिने घ्यावी लागत असल्याने शेतमजुराच्या कुटुंबाला तीही जड जातात. शिकागो येथील रसेल श्मुलेविट्झ व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ७२ रुग्णांवरील चाचणीत उपाशीपोटी १००० मिलिग्रॅम ॲबिराटेरॉन आणि हलक्या न्याहारीसोबत २५० मिलिग्रॅम यांची तुलना केली. अन्नासोबत औषध अधिक शोषले जात असल्याने पीएसएवरील परिणामात लहान मात्रा कमी ठरली नाही. चाचणी लहान होती व तिने आयुर्मान तपासले नव्हते, तरी औषधाचा खर्च चौथाईवर येत असल्यामुळे भारतातील अनेक कर्करोगतज्ज्ञ हा पर्याय विचारात घेतात. मात्र रुग्णाने आपल्या मनाने मात्रा बदलणे धोक्याचे आहे, कारण १००० मिलिग्रॅमची मात्रा अन्नासोबत घेतल्यास रक्तातील औषधाचे प्रमाण अनेक पटींनी वाढते.

राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये निवडक आठ जिल्ह्यांत सुरू झाली. गोंदिया जिल्हा तिच्या कक्षेत आला तो नोव्हेंबर २०१३ मध्ये, ती राज्यभर लागू झाल्यावर. २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा तीत समावेश आहे.